वरचे सहा दात

४

अ‍ॅन्सेल व्हिटने छोटा आरसा तोंडात घातला आणि शेजारी बसलेल्या मदतनीस बाईला आकडे सांगायला सुरुवात केली. त्याच्या दवाखान्यात दातांना नावं नव्हती, नंबर होते. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून एक, आणि कमानीवरून फिरत डावीकडे सोळा.

"एक नाही. दोन नाही. तीन नाही. चार..." तो थांबला आणि आरशाच्या दांडीने त्याने दातावर टिचकी मारली. "चार आहे. पक्का."

"असणारच," डेल्फिया आरशाच्या कडेने कशीबशी म्हणाली. "त्याच्यावर अक्रोड फुटतात माझे."

"मिस डेल्फिया, अक्रोड फोडायला दुकानात हातोडी मिळते."

"हातोडीला चव कळत नाही."

मदतनीस बाई हसली. अ‍ॅन्सेल हसला नाही, तो मोजत राहिला. सहा, सात. आठ-नऊच्या जागी खिंड. दहा, अकरा, बारा. पुढे सगळं सपाट. मग त्याने आरसा खाली ठेवला आणि तोंडावरचा मास्क काढला. मास्क काढला की बातमी वाईट, हे पायनी फोर्कच्या सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

"वरचे सहा उरलेत," तो म्हणाला. "सहाही ठणठणीत. अडचण तीच आहे."

"ठणठणीत असण्याची अडचण?"

"पुढचे दोन दात तारेवर बसवून देता येतात. शेजारचे चांगले दात ती तार धरून ठेवतात. झकास बसतात. पण तुमच्या कार्डावर ते बसत नाहीत. राज्याच्या विम्याचं कार्ड फक्त पूर्ण कवळीचे पैसे देतं. पूर्ण कवळी म्हणजे वरती एकही दात नको."

डेल्फियाने गळ्याला बांधलेला कागदी रुमाल उगाच सारखा केला.

"म्हणजे अजून थोडे पडले असते तर बरं झालं असतं."

"थोडे नाही," अ‍ॅन्सेल म्हणाला. "सगळे."

५

हा कधी गेला ते डेल्फियाला आठवत नाही.

६

डेल्फियाच्या आईला तिच्या बापाने लग्नात कवळी दिली होती.

त्या पिढीत खोऱ्यात ती रीतच होती. मुलीचं ठरलं की बाप तिला दातवाल्याकडे न्यायचा. चांगले, वाईट, हलणारे, न हलणारे, सगळे दात उपटून घ्यायचा. पुढे जन्मभर जावयाला दातांचा खर्च नको, रात्रीबेरात्री ठणका नको. एक गोधडी, एक बिडाचा तवा आणि एक कवळी, एवढं दिलं की बाप मोकळा. लोक कौतुक करायचे. पोरीला काही कमी केलं नाही, म्हणायचे.

आई तेव्हा सतरा वर्षांची होती. ती ही गोष्ट कडवटपणे कधी सांगायची नाही. पाऊस पडला, पूल वाहून गेला, त्या सुरात सांगायची. कवळी वेळेवर तयार झाली नाही म्हणून लग्नाच्या फोटोत तिने ओठ घट्ट मिटले होते. पुढे ती सफरचंद खायची ते अर्धं कापून, चमच्याने खरवडून. बाळाला भरवतात तसं ती स्वतःला भरवायची. लहानपणी डेल्फियाला वाटायचं, सगळ्या बायका सफरचंद असंच खातात.

७

डेल्फियाचं आर्व्हिलशी ठरलं तेव्हा बापाने तिलाही नेलं. ती मुकाट्याने खुर्चीत बसली. म्हाताऱ्या दातवाल्याने तिच्या तोंडात बोट घालून कुठून सुरुवात करावी याचा अंदाज घेतला, आणि तेवढ्यात ती त्या बोटाला कडकडून चावली. मग खुर्चीतून उतरून रेल्वेच्या रुळांवरून चालत घरी आली. बाप मागून गाडीतून हाका मारत होता, पण गाडी काही रुळांवरून चालेना.

आर्व्हिलला कळलं तेव्हा तो खाणीतून नुकताच वर आला होता. कोळशाने माखलेल्या तोंडाने तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

"मला दातवाली बायको चालेल," तो म्हणाला. "भांडणाला रंगत येईल."

तेव्हापासून डेल्फियाने दातांची अशी बडदास्त ठेवली की शेजारणींनी तिला नावं ठेवली. सोडा, मीठ, दोरा, सकाळ-संध्याकाळ. मागच्या दाढा बाळंतपणात आणि पन्नाशीच्या आसपास गेल्या, पण पुढची फळी उभी होती. चर्चच्या अंगणात पंगत बसली की बायका तिच्यासमोर मक्याचं कणीस धरायच्या. "चाव गं, बघू दे." ती चावायची. कणसाची एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ. टाळ्या पडायच्या. तिच्या घराण्यात स्वतःच्या दातांनी म्हातारी होणारी ती पहिलीच बाई ठरणार होती, आणि हे ती चारचौघांत बोलून दाखवायची. तिला दुसरा कसला गर्व नव्हता, एवढा एकच होता.

८

नाही.

कणसांच्याच दिवसांत पुढचा आठ नंबर ठणकायला लागला. मुळाशी पू झाला होता. अ‍ॅन्सेल म्हणाला, रूट कॅनाल केलं तर दात वाचेल. कार्ड म्हणालं, मोठ्या माणसांचा दात काढायचे पैसे देऊ, वाचवायचे देणार नाही. डेल्फियाने आठवडाभर लवंगेचं तेल लावून पाहिलं. मग गाल सुजून डोळा मिटायला लागला.

९

नाही.

आठचा पू शेजारी सरकला होता. पुढच्याच हिवाळ्यात हाही गेला. तीच खुर्ची, तोच नियम.

आता हे नीट सांगायला हवं, कारण यावरच सगळं अडलं. डेल्फिया पायनी फोर्कच्या शाळेत जेवणाच्या खिडकीत उभी असायची. ताटात घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, दुधाचा डबा, आणि त्याबरोबर एक वाक्य. "तुझी आजी बरी आहे का रे?" "कालचं गाजर टाकलंस ना, मला दिसलं." अ‍ॅन्सेलसुद्धा एकेकाळी याच खिडकीतून जेवला होता, आणि त्या सवयीने अजून तिला 'मिस' म्हणायचा. शाळेने तिचे तास असे बेताने ठेवले होते की शाळेचा विमा तिला लागू होऊ नये. म्हणून तर राज्याचं कार्ड.

दोन दात गेल्यावर मुख्याध्यापिका मिसेस स्टॅम्पर तिला बाजूला घेऊन अगदी प्रेमाने बोलल्या.

"डेल्फिया, थोडे दिवस मागे भांड्यांकडे बघ ना. लहान मुलं आहेत, घाबरतात गं."

मुलं घाबरत नव्हती. पहिलीची मुलं तर भांडीघराच्या दाराशी येऊन स्वतःचे ओठ वर करून तिला दाखवायची. त्यांचेही आठ आणि नऊ पडलेले असायचे. "तुमचे अजून आले नाहीत?" एकीने विचारलं होतं. डेल्फिया म्हणाली, "माझे जरा आळशी आहेत." मिसेस स्टॅम्परना मुलांच्या तोंडून स्वतःची भीती बोलायची होती, एवढंच. ते डेल्फियाला कळलं आणि ती भांडी घासत राहिली.

पण शरद संपता संपता कळलं की नव्या सत्रापासून कागदाची ताटं येणार. भांडीघर बंद. खिडकी तेवढी राहणार.

"खिडकी तुझीच आहे गं," मिसेस स्टॅम्पर म्हणाल्या. "तोंडाचं काहीतरी करून घे, म्हणजे झालं."

१०

अ‍ॅन्सेलने विमा कंपनीला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू ठेवला. डेल्फिया खुर्चीतच होती. आधी बराच वेळ बासरी वाजली.

— नमस्कार, मी आपली काय मदत करू?

— पेशंटचे वरचे पुढचे दोन दात बसवायचेत. तारेवरचे.

— प्रौढांसाठी अर्धी कवळी योजनेत नाही, सर. पूर्ण कवळी आहे. वरच्या जबड्यात दात किती?

— सहा. निरोगी.

— मग पूर्ण कवळी मंजूर होणार नाही.

— मला पूर्ण नकोच आहे. अहो, पूर्ण कवळी तुम्हाला जास्त महाग पडते. शिवाय सहा दात काढायचा खर्च वेगळा. तुमचाच हिशेब सांगतोय मी.

— हो, सर.

— हो म्हणजे?

— म्हणजे मी तुमचं ऐकलं, सर.

— आणि सहाही काढले तर?

— तर शिल्लक किती राहतील?

— तुम्ही सांगा ना.

— ते डॉक्टरांनी सांगायचं असतं, सर.

— शून्य.

— मग मंजूर होईल. आणखी काही मदत करू?

— (खुर्चीतून) तिला विचार, तिच्या तोंडात काय चाललंय.

— कोण बोललं?

— पेशंट.

— मॅडम... माझी आईपण याच कार्डावर आहे.

 या वेळी बासरी वाजली नाही.

अ‍ॅन्सेलने फोन ठेवला. "मी करून देतो," तो म्हणाला. "माझ्या खिशातून. कोणाला सांगायचं नाही."

"पायनी फोर्कमध्ये? कोणाला सांगायचं नाही?" डेल्फियाने रुमाल सोडला. "लेकरा, माझ्यानंतर दारात रांग लागेल. त्या पोरींना काय सांगशील, की डेल्फियाने मला पाव जास्त वाढला होता?"

"हो. तसंच सांगेन."

"मी पाव सगळ्यांनाच जास्त वाढत होते, अ‍ॅन्सेल. तू एकटाच लाडका नव्हतास."

११

अकरा नंबरचा सुळा जरा वर चढलेला होता, शेजारच्या दहाच्या खांद्यावर कोपर टेकून उभा असल्यासारखा. डेल्फिया हसली की आधी तो हसायचा, बाकीचे मागून. आर्व्हिल त्याला 'पाहुणा' म्हणायचा.

ओसरीवर दोघं घेवड्याच्या शेंगांची शीर काढत बसले होते तेव्हा तिने सांगितलं. आर्व्हिलची बोटं थांबली.

"पाहुणापण?"

"सगळे."

"फुकट करून देतो म्हणतोय ना तो पोरगा? मग घे की."

"तू घेतलं असतंस? खाणीत पाय अडकला होता तेव्हा चर्चने गोळा केलेलं पाकीट परत कोणी पाठवलं?"

"ते पैसे होते. हे तुझं तोंड आहे."

"म्हणून तर. फुकटचं तोंड घेऊन खिडकीत उभी राहू? कार्ड माझ्या हक्काचं आहे, आर्व्हिल. तुझ्या माझ्या करातून आलेलं आहे. त्या पोराचा खिसा माझ्या हक्काचा नाही."

आर्व्हिलने स्वतःची कवळी काढून तळहातावर धरली. खाणीत लागल्या लागल्या त्याचे सगळे काढले होते. तेव्हा पोरगे हौसेने काढून घ्यायचे. कवळी काढली की त्याचा चेहरा मधेच दुमडल्यासारखा व्हायचा.

"बघ माझ्याकडे," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "बघ आणि सांग, हे पाहिजे तुला? तू त्या म्हाताऱ्याला चावून पळाली होतीस गं. मी गावभर सांगत फिरलो. चाळीस वर्षं सांगतोय."

"कामाशिवाय घरात बसले तर तुझी औषधं काय पाहुण्याला दाखवून आणू?"

ते आपण बोलायला नको होतं हे तिला बोलताक्षणी कळलं. आर्व्हिलने कवळी परत बसवली, शेंगांची पाटी मांडीवर ओढली आणि शीर काढलेल्या शेंगांचीच शीर पुन्हा शोधायला लागला.

१२

हा आधी निघाला.

किडका दात सहज निघतो. तो मनाने कधीच गेलेला असतो. निरोगी दात हाडाला धरून असतो. त्याला पक्कडीत धरून आत-बाहेर, आत-बाहेर रेटावं लागतं, हाड सैल पडेपर्यंत. भूल दिल्यावर दुखत नाही, पण ऐकू येतं. कानाने नाही, कवटीतून. ओल्या लाकडाची फांदी कोणी आपल्याच डोक्यात हळूहळू मोडतंय, असं.

बारा. चार, तिचा अक्रोडाचा. दहा. सात. सहाने फार वेळ घेतला. प्रत्येक दात ताटलीत पडताना 'टण्' असा आवाज व्हायचा आणि मदतनीस बाई दर वेळी डोळे मिटायची. तिने पंधरा वर्षं हे काम केलं होतं. कुजक्या दाताचा आवाज असा येत नाही.

शेवटी अकरा राहिला. अ‍ॅन्सेलने पक्कड लावली, दोनदा रेटली, आणि काढून घेतली. त्याने मास्क खाली ओढला.

"मिस डेल्फिया, एक राहू दे ना. एकच. हा एकटासुद्धा कामाचा आहे. पुढेमागे काही बदललं तर..."

तिचं तोंड कापसाने भरलेलं होतं. बोलता येईना. तिने उजवा हात वर केला, अंगठा आणि पहिलं बोट टेकवून गोल केला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

शून्य.

"हो," अ‍ॅन्सेल म्हणाला. "ठीक आहे."

सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब असतं. अ‍ॅन्सेलचा खांदा तिच्या कपाळापर्यंत खाली आला होता, त्याच्या कानाखाली घाम होता, आणि तो काहीतरी पुटपुटत होता. दाताला की तिला, ते तिला कळलं नाही. मग एकदम काहीतरी मोकळं झालं, आणि तिला तोंडात एवढी मोठी जागा वाटली की तिथे कोणी बोललं तर घुमेल.

दातासोबत हाडाचा एक कपचा आला होता. अ‍ॅन्सेलने टाके घातले. मग तो बेसिनकडे वळला आणि त्याने नळ सोडला. हात धुवायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ तो नळ वाहत राहिला.



हिरड्या भरेपर्यंत कवळीचं माप घेता येत नाही. तोपर्यंत डेल्फिया घरी होती. नाताळ तसाच गेला. बहिणीने थरांचा सफरचंदाचा केक पाठवला, तो फडक्याखाली वाळला.

पहिल्या दिवशी तिने घेवडा शिजवून, ठेचून, पातळ करून वाडग्यात घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आर्व्हिल आला. त्याने आपली कवळी काढून पाण्याच्या पेल्यात टाकली, तसाच ठेचलेला घेवडा वाढून घेतला आणि तिच्याशेजारी भिंतीकडेच तोंड करून बसला.

"तुला कशाला?" तिने विचारलं. शब्द हवेसारखे बाहेर आले.

"खाली खिळा टोचतोय कवळीला," तो म्हणाला. कवळीला खिळे नसतात.

हिवाळाभर त्याने ती जेवताना घातली नाही. दोघं बोळकी, भिंतीकडे बघत, चमच्याने. त्या काळात त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. भांडणात रंगत आली नसती.



कवळी आली. गुलाबी आणि पांढरी, एका छोट्या डब्यात. दात अगदी सरळ, एकाला एक लागून, कोणी कोणाच्या खांद्यावर टेकलेला नाही. अ‍ॅन्सेलने ती बसवली, कागद चाववून पाहिला, घासली, परत बसवली. आरसा पुढे केला. डेल्फियाने पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. अ‍ॅन्सेलला वाईट वाटू नये म्हणून ती आरशात हसलीसुद्धा.

रविवारी चर्चमध्ये तिच्या लक्षात आलं. प्रार्थना संपली, लोक हात मिळवायला उठले, आणि पुढच्या बाकावरची लोरीन तिच्याकडे बघून हसली. ते डेल्फियाचं हसू होतं. लोरीनच्या मागे कोय हसला. त्याचंही तेच. कार्डाच्या कवळ्या एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून यायच्या. सगळ्यांत स्वस्त साचा. आख्ख्या चर्चमध्ये वेगवेगळ्या चेहऱ्यांवर एकच हसू फिरत होतं, आणि लोकांना त्याची इतकी सवय होती की कोणाला ते दिसतही नव्हतं. तिलाही आजवर दिसलं नव्हतं.

आर्व्हिलची पुतणी कार्लीन धावत आली. सव्वीस वर्षांची. वरचा एक पुढचा दात तुटलेला, बोलताना ओठ खाली ओढून धरायची सवय.

"काकू! कसली देखणी दिसतेस गं! दहा वर्षांनी लहान!"

आर्व्हिल बाजूला उभा होता. तो टोपी हातात फिरवत राहिला. तिला सगळं खोरं देखणी म्हणालं त्या महिन्यात.  आर्व्हिल मात्र तिच्याशी बोलताना कपाळाकडे बघायला लागला होता.



खिडकी परत मिळाली. कागदाची ताटं, तोच घेवडा, तोच पाव. मिसेस स्टॅम्पर म्हणाल्या, "बघ, किती सोपं होतं!" पहिलीच्या मुलांनी तिला पाहिलं आणि ताटं घेऊन पुढे गेली. ज्यांचे आठ-नऊ पडले होते त्यांनी तिला ओठ वर करून दाखवले नाहीत. दाखवण्यासारखं आता दोघांत काही राहिलं नव्हतं.

वसंतात डॉगवूडची झाडं फुलली होती तेव्हा स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बातमी आली. जुलैपासून राज्याच्या कार्डावर मोठ्या माणसांना रूट कॅनाल मिळणार. अर्धी कवळीही मिळणार. लगेच पुढे हवामान लागलं. डेल्फियाच्या हातात पळी होती. पळीतला घेवडा ताटात पडायचा तो खिडकीच्या कट्ट्यावर पडला. तिने फडका घेतला आणि कट्टा पुसला. मग कोरडा होता तिथेही पुसला.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅन्सेल आला. दवाखान्याचा कोट तसाच अंगात. तो मुलांच्या रांगेत उभा राहिला, दुसरीच्या एका मुलीच्या मागे, हातात रिकामं ताट. नंबर आला तेव्हा त्याने ताट पुढे केलं.

"ऐकलं मी रेडिओवर," डेल्फिया म्हणाली आणि त्याच्या ताटात घेवडा वाढला.

"मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मिस डेल्फिया. मला जर कोणी नुसतं..."

"ठाऊक आहे मला, तुला माहीत नव्हतं. तेच तर वाईट आहे." तिचा आवाज चढला नाही. "तुला माहीत असतं तर तुझ्यावर ओरडले असते. त्या फोनवरच्या बाईवर ओरडावं, तर तिची आईपण कार्डावर. स्टॅम्परबाईंवर ओरडावं, तर त्यांनी खिडकी दिली. आर्व्हिल तर नकोच म्हणत होता. मी ओरडू कोणावर, अ‍ॅन्सेल? कोणाचं तरी नाव सांग ना मला."

मागे मुलांची रांग थांबली होती. एकजण ताट वाजवत होता. अ‍ॅन्सेल स्वतःच्या ताटाकडे बघत होता.

"तुझ्याकडे अजून कितीजणी येणार आहेत?" तिने विचारलं. "काढायला?"

"चौघीजणी. तिघींना फोन केला. थांबतो म्हणाल्या."

"आणि चौथी?"

त्याने ताट कट्ट्यावर ठेवलं.

"चौथी कोण?"

"कार्लीन. उद्याची वेळ आहे. मी म्हटलं, जुलैपर्यंत थांब, तुझा दात तारेवर बसवून देतो. नाही म्हणते. मी नाही म्हटलं तर घाटापलीकडच्या दवाखान्यात जाईन म्हणते. तिला... तिला सगळे एकसारखे हवेत. काकूसारखे."

डेल्फियाने पळी भांड्यात सोडली. "ये रे, वाढ यांना," ती अ‍ॅन्सेलला म्हणाली, आणि तो डॉक्टरी कोटात खिडकीच्या आत येऊन उभा राहिला. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फोनकडे गेली. कार्लीनने लगेच उचलला.

"काकू! बरं झालं फोन केलास. मऊ खायला काय काय करून ठेवू गं?"

"तू उद्या जायचं नाहीस."

"तुला अ‍ॅन्सेलने सांगितलं वाटतं. अगं, मी सुट्टी टाकलीय. आई गाडी घेऊन येणारेय. एकदाच काय ते उरकून टाकू. तुझे बघ ना किती सुंदर आहेत."

"ते माझे नाहीत, कार्लीन."

"कार्डाचे म्हणजे तुझेच की!"

डेल्फियाने अंगठा टाळूला लावला, कवळी सुटी केली आणि फोनशेजारच्या पिठाच्या डब्यावर ठेवली. फोनवरून कार्लीनला ते दिसणार नव्हतं. पण जे सांगायचं होतं ते त्या दातांनी सांगता येईना. खिडकीपाशी अ‍ॅन्सेल वळून बघत होता. एक छोटी मुलगी टाचा उंचावून आत बघत होती. डेल्फियाने तोंडावर हात धरला नाही.

"काकू? तुझा आवाज असा काय येतोय?"

"ऐक," ती म्हणाली. शब्द ओले, पसरट, हिरड्यांवरून घसरत येत होते. "मी तुझ्या काकालापण सांगितलं नाही हे. अकरा नंबरचा होता ना माझा, तो वाकडा, तो निघत नव्हता. चांगला दात सुटत नाही गं. तो धरून बसतो. अ‍ॅन्सेलने मला विचारलं होतं, राहू दे का म्हणून. त्याने पक्कड खाली ठेवली होती, कार्लीन. आणि मी हात वर केला."

 पलीकडे कार्लीनच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, मग कोणीतरी तो बंद केला.

"सांग," कार्लीन म्हणाली. "मग?"

आणि डेल्फिया भिंतीला डोकं टेकून, एकेक दात, तिला सांगत गेली.